चरा झाकला, घासला की भरला?

शब्द एका बाजूस आणि वस्तू दुसऱ्या बाजूस अशी फारकत झाली म्हणजे व्यवहारात खोटेपणा शिरतो, आणि तो इतक्या हळूच शिरतो की बोलणारास व ऐकणारास दोघांसही त्याचा पत्ता लागत नाही. 'चरा काढणे' हा असाच एक शब्दप्रयोग आहे. देहू आणि आळंदी ह्यांच्या मधल्या पट्ट्यात, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी, चिखली, मोशी आणि तसेच पुढे नाशिकच्या रस्त्याने चाकणपर्यंत, हा शब्द दिवसभर कानावर पडतो. गाडीला चरा पडला, काढून द्या. काढला. किती झाले? इतके झाले. एवढ्या चार वाक्यांत व्यवहार आटोपतो. परंतु ह्या चार वाक्यांत धर्माधर्माचा एक अवघड प्रश्न दडून बसला आहे, तो आज उकलून पाहावा असे आम्ही योजिले आहे.

कोणी म्हणेल, बुवांस आज ही कोठली लहर आली! आपल्या मासिकात मोटारीच्या रंगाचे काय काम? त्यांस आमचे नम्र सांगणे असे की ज्या भूमीवर आपण उभे आहोत ती एकदा पाहावी. १९५४ साली पिंपरीस औषधांचा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघाले. १९६६ साली टेल्को येथे आली. आकुर्डीस स्कूटरी होऊ लागल्या, १९९९ साली चाकणला मोटारसायकलींचा कारखाना उभा राहिला, आणि २००९ साली तेथेच जर्मन कंपन्यांच्या मोटारींचे कारखाने सुरू झाले. देहू सोडल्यावर पालखीचा पहिला मुक्काम आजही आकुर्डीसच पडतो. परंतु पालखीस खांदा देणाऱ्या पोरांत आता औत धरणारे थोडे आणि गाडीला दरवाजे बसवणारे, रंग मारणारे, रंग घासणारे फार. त्यांच्या हातचे काम हाच त्यांचा संसार. तेव्हा त्यांचा प्रश्न त्यांच्याच कामातून उचलला तर बिघडले कोठे?

प्रश्न असा. गाड्या धुऊन, पॉलिश करून देणाऱ्या एका लहानशा दुकानात काम करणाऱ्या मुलाने आम्हांस विचारले, "महाराज, मालक म्हणतात, चऱ्यात वॅक्स भर, वरून मशीन फिरव आणि गिऱ्हाईकाला सांग, निघाला. दोन-तीन वेळा गाडी धुतली की चरा परत दिसतो. गिऱ्हाईक भांडायला आलं तर म्हणायचं, हा नवा पडला असंल. मी नाही म्हटलं तर काम जाईल. ह्यात पाप कुणाचं?"

प्रश्न लहान आहे, पण पोकळ नाही. त्याचे उत्तर 'खोटे बोलू नये' एवढ्या एका वाक्याने देऊन मोकळे होता येईल, आणि तसे दिल्यास मुलगा मान डोलावून जाईल व दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करील. म्हणून प्रथम वस्तू काय आहे ती नीट पाहू, मग धर्म काय तो पाहू. वस्तूचे ज्ञान नसता केलेला उपदेश हा अंधाने अंधास वाट दाखवण्यासारखा आहे.

चरा म्हणजे काय?

आपल्याला गाडीचा रंग एक दिसतो. वास्तविक ते एकावर एक बसवलेले थर असतात. कारखान्यात पत्र्याचा सांगाडा स्वच्छ धुतात, त्यावर फॉस्फेटचा संस्कार करतात, मग तो रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या योगाने त्यावर पहिला थर बसवतात. हा थर गंजाला अटकाव करतो. त्यावर बहुधा प्रायमर, त्यावर आपण ज्याला रंग म्हणतो तो, आणि सर्वांत वर बिनरंगाचा, काचेसारखा आरपार दिसणारा एक थर. ह्यास क्लिअर कोट म्हणतात. मधून मधून हे थर भट्टीत भाजून पक्के करतात. एवढा खटाटोप, पण सगळ्या थरांची मिळून जाडी किती? साधारण १०० ते १५० मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे एका मिलिमीटरचा हजारावा भाग. वर्तमानपत्राचे दोन कागद एकावर एक ठेवावेत, तेवढी ही जाडी. त्यांतला वरचा पारदर्शक थर पुष्कळदा ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे एका कागदाहूनही पातळ. लक्षावधी रुपयांच्या गाडीची सगळी झळाळी ह्या एका कागदावर उभी आहे!

आता ह्या कागदावर जे उमटते ते सगळे एका जातीचे नसते. जाणता कारागीर आधी हात फिरवतो. दुसऱ्या गाडीचा रंग घासून आपल्या गाडीवर चिकटला असेल तर तो आगंतुक मळ आहे. तो वर आहे, आत नाही. योग्य द्रव लावून फडक्याने पुसला की जातो, आणि मूळचा रंग जसाच्या तसा राहतो. शास्त्रात स्फटिक आणि जास्वंदीचे फूल हा दृष्टांत देतात. फूल जवळ ठेवले म्हणजे स्फटिक लाल दिसतो, फूल उचलले की पुन्हा निर्मळ. हा प्रकार तसाच समजावा. येथे 'काढला' हा शब्द अक्षरशः खरा आहे.

दुसरा प्रकार क्लिअर कोटमधल्या चऱ्याचा. कारागीर त्यावरून आडवे नख फिरवतो. नख अडकले नाही तर चरा उथळ, अडकले तर खोल. आणखी एक युक्ती आहे. चऱ्यावर पाणी टाकावे. पाण्याखाली तो दिसेनासा झाला तर समजावे की वरच्या थरातलाच आहे. तिसरा प्रकार, चरा खालच्या रंगात उतरलेला. आणि चौथा, पार पत्र्यापर्यंत गेलेला.

ह्या शेवटच्या तिन्ही प्रकारांत एक गोष्ट समान आहे, आणि सगळ्या प्रश्नाची किल्ली तीच आहे. चरा ही वस्तूच नव्हे! मळ ही वस्तू आहे, चरा हा अभाव आहे. तेथे काही आलेले नाही, तेथून काही गेलेले आहे. आता सांगा, जे नाही ते काढणार कसे? रिकाम्या रांजणातून रिकामेपणा उपसून टाकतो म्हणणाऱ्यास आपण काय म्हणू?

नैयायिकांनी अभावाचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांतला एक प्रध्वंसाभाव. घडा फुटला, आता तो नाही. हे जे 'नाही' होणे, तो प्रध्वंसाभाव. त्याचे लक्षण मोठे विचार करण्याजोगे आहे. त्याला आरंभ आहे, अंत नाही. कुंभार नवा घडा करील, त्याच मातीचा करील, पण फुटलेला घडा फुटला तो फुटलाच. रंगाचेही तसेच. जो कण खरवडून गेला तो गेला. त्या जागी जे येईल ते दुसरे असेल. जगातला कोणताही कारागीर ह्यावर उपाय करू शकत नाही, आणि ज्याने केला असे तो म्हणतो त्याने तीन गोष्टींपैकी एक केलेली असते.

तीन उपाय

पहिला उपाय झाकण्याचा. चरा दिसतो का? त्याच्या कडांवर प्रकाश विखुरतो म्हणून. त्या फटीत मेण किंवा तेलकट द्रव्य भरले म्हणजे प्रकाश फारसा न अडखळता आरपार जातो, कारण मेण आणि तो थर ह्यांची प्रकाश वाकवण्याची रीत जवळजवळ सारखी. चरा जागच्या जागी असतो, डोळ्यांपुढून मात्र नाहीसा होतो. पाणी टाकल्यावर जे क्षणभर होते तेच मेणाने काही आठवडे होते. साबणाने धुतले, उन्हात मेण वितळले, की चरा पुन्हा प्रकट. शास्त्राच्या भाषेत हा नाश नव्हे, हे तिरोधान.

दुसरा उपाय घासण्याचा. हा अधिक प्रामाणिक दिसतो, आणि आहेही. पण ह्यात काय घडते ते गिऱ्हाईकास ठाऊक नसते. १५००, २०००, ३००० अशा क्रमाने बारीक होत जाणारा पॉलिश पेपर, मग रबिंग कंपाउंड, मग बफिंगचे मशीन. लोकांना वाटते मशीनने चरा पुसला. वास्तविक चऱ्याला कोणी हातही लावलेला नाही. त्याच्या भोवतालचा जो चांगला, निर्दोष थर होता तो खरवडून चऱ्याच्या तळापर्यंत खाली आणलेला आहे! खड्डा भरला नाही. सगळे रान खड्ड्याएवढे खणून काढले. म्हणून चरा 'गेला'. घराघरांत हाच प्रकार चांदीच्या निरांजनाचा होतो. पणजीपासून सुनेपर्यंत सगळ्यांनी दर दिवाळीला ते घासून लख्ख केले, आणि शेवटी त्यावरची वेलबुट्टी कोठे गेली ते कोणास कळले नाही. झळाळी फुकट मिळत नसते, तिची किंमत अंगातून जाते. क्लिअर कोटमध्ये उन्हाचा मारा सोसणारी द्रव्ये घातलेली असतात. वारंवार घासून तो थर फार पातळ झाला म्हणजे ऊन त्याला खाऊ लागते, रंग निस्तेज होतो, पुढे पापुद्रेही सुटतात. तेव्हा घासणे हा उपाय आहे, पण तो मोजूनमापून करण्याचा आहे; एका कागदाची जाडी किती वेळा घासणार?

तिसरा उपाय भरण्याचा. चरा साफ करायचा, गंज असेल तर तो लोखंडापर्यंत खरवडायचा, प्रायमर द्यायचा, खोलगट असेल तर लांबी भरायची, वाळू द्यायची, घासून सपाट करायची, रंग द्यायचा, वर पारदर्शक थर द्यायचा. ह्यास वेळ लागतो, पैसा लागतो. आणि इतके करूनही तो मूळचा थर नव्हेच. रंगाची जाडी मोजण्याचे एक लहानसे यंत्र असते, ते पत्र्यास टेकवले की लगेच सांगते, येथे थर जाड आहे, येथे काम झालेले आहे. पण येथे निदान जे गेले होते त्याच्या जागी काहीतरी नवे ठेवले गेले. गेलेले परत आले नाही, नवे आले. मनुष्याच्या हातात एवढेच आहे.

आता शब्द आणि वस्तू ह्यांची भेट घडवा. पहिल्या उपायास 'झाकला' म्हणा, दुसऱ्यास 'घासला' म्हणा, तिसऱ्यास 'भरला' म्हणा. तिन्ही शब्द खरे आहेत आणि तिन्ही कामे आपापल्या जागी योग्य आहेत. अधर्म शिरतो तो ह्या तिघांवर 'काढला' हा एकच बुरखा घातला म्हणजे.

आक्षेप आणि उत्तरे

येथे पूर्वपक्ष असा. झाकणे हेच पाप म्हणाल तर सगळा रंग हेच एक झाकण आहे. लोखंड काळे, खरखरीत. त्यावर रंग चढवून आपण ते झाकतोच की नाही? मग कारखान्यापासून दुकानापर्यंत सगळेच पापी! शिवाय दुसऱ्याचा दोष झाकावा, उघडा करू नये, हे तर सज्जनाचे लक्षण तुम्हीच कथेत सांगता.

आक्षेप वरवरचा नाही, म्हणून त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे. रंगाखाली लोखंड आहे हे घेणारास, देणारास, रस्त्याने जाणाऱ्या पोरासही माहीत आहे. तेथे कोणाची फसवणूक होत नाही, आणि त्या झाकणाने लोखंडाचे रक्षण होते. असे झाकण पांघरुणासारखे आहे. परंतु चऱ्यात मेण भरून 'निघाला' म्हणणे ह्यात रक्षण नाही आणि घेणारास ज्ञानही नाही. दुसऱ्याचा दोष झाकावा हेही खरे. पण कोणाच्या खर्चाने? शेजाऱ्याच्या मुलाची चूक आपण चारचौघांत बोललो नाही, ह्यात आपले काही गेले असेल, ऐकणाऱ्याचे काही गेले नाही. हे झाकणे पुण्यकारक आहे. त्याच मुलाला सोयरीक आली, तो सतत कर्ज करून बुडवतो हे आपणांस ठाऊक आहे, मुलीचा बाप आपणांस विश्वासाने विचारतो आहे, आणि आपण झाकतो. आता त्या झाकण्याची किंमत दुसऱ्याची लेक आयुष्यभर भरणार. झाकण तेच, पाप-पुण्य बदलले. म्हणून कसोटी ही धरावी की ह्या झाकण्याचा तोटा कोणाच्या पदरात पडतो, आणि त्याला ते माहीत आहे काय?

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. 'अहो, गिऱ्हाईक खूश आहे ना? त्याला चमक हवी होती, ती मिळाली. त्याला दिसतच नाही, तर त्याचे नुकसान कोठे झाले?'

ह्याचे उत्तर कल्पनेने देण्याची गरज नाही, कारण हाच वाद जगातल्या एका मोठ्या न्यायालयापर्यंत जाऊन आलेला आहे. १९९० साली अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅम शहरी डॉ. गोर नावाच्या एका वैद्याने बीएमडब्ल्यू कंपनीची काळ्या रंगाची नवी कोरी मोटार चाळीस हजार डॉलरांहून थोड्या अधिक किमतीस घेतली. नऊ महिने वापरली, रंगात काही खोट त्यास दिसली नाही. पुढे गाडी अधिक चमकावी म्हणून तो एका कारागिराकडे गेला, आणि त्या कारागिराने तपासून सांगितले की ही गाडी पुन्हा रंगवलेली आहे. कंपनीने मान्य केले की तिचे एक धोरणच होते. नव्या गाडीची वाटेत खराबी झाली आणि दुरुस्तीचा खर्च किमतीच्या शंभरात तीन हिश्शांहून अधिक नसला, तर दुरुस्त करावी, नवी म्हणून विकावी, कोणास सांगू नये. ह्या गाडीच्या रंगास सुमारे सहाशे डॉलर खर्च आला होता, म्हणजे शंभरात दीड. पंचांनी निकाल दिला की महत्त्वाची गोष्ट दडवली. गाडीची किंमत कमी झाली त्याबद्दल चार हजार डॉलर, आणि शिक्षा म्हणून चाळीस लाख डॉलर! राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने शिक्षा निम्मी केली. १९९६ साली देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले की ही शिक्षा अपराधाच्या मानाने बेसुमार आहे. आणि पुढच्या वर्षी ती पन्नास हजारांवर आली.

ह्या कथेतून दोन गोष्टी घ्याव्या. पहिली, गिऱ्हाईक खूश होते, तरी त्याचे नुकसान झालेले होते. ते दिसत नव्हते एवढेच. न दिसणारे नुकसान हे नुकसानच नव्हे असे म्हणणे म्हणजे झोपलेल्या माणसाचा खिसा कापून 'त्याला दुखले नाही' म्हणण्यासारखे आहे. दुसरी, दंड कमी झाला, कारण अपराधाला माप असते. झाकलेल्या चऱ्यासाठी माणसाला सुळावर देण्याचे कारण नाही. आम्ही त्या मुलाच्या मालकास रौरव नरकात पाठवू इच्छीत नाही. मात्र अपराध लहान ठरला म्हणून तो अपराध नव्हता असे कोणी म्हटले नाही, हे ध्यानात असू द्यावे.

तिसरा आक्षेप सर्वांत चतुर. 'आम्ही खोटे कोठे बोललो? आम्ही गप्प राहिलो. गप्प राहणे हा काय गुन्हा?' आपल्याकडे १८७२ सालच्या करार कायद्यात, सतराव्या कलमाखाली, ह्याचा विचार घोड्याच्या उदाहरणाने केलेला आहे. घोडा हे त्या काळचे वाहनच. लिलावात कोणी खोड असलेला घोडा विकला आणि खोडीविषयी चकार शब्द काढला नाही, तर कायदा म्हणतो, एवढ्याने कपट होत नाही. घेणाऱ्याने पाहून घ्यावे. परंतु घेणारी आपली नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल तर? तेथे बापाने सांगितलेच पाहिजे. आणि घेणारा म्हणाला की 'तू नाही म्हटले नाहीस तर मी घोडा निरोगी समजतो', आणि विकणारा गप्प बसला, तर ते गप्प बसणे बोलण्यासारखेच. पाहा, मौनालाही जीभ असते! २०१९ सालच्या ग्राहक संरक्षण कायद्याने तर दुरुस्त केलेला किंवा जुना माल नवा म्हणून खपवणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवलेली आहे. आपल्या धर्मशास्त्राच्या व्यवहारप्रकरणात विक्रीस अयोग्य अशा मालात 'तिरोहित', म्हणजे दडवलेला, हाही घातला आहे. देश वेगळे, काळ वेगळे, बोट एकाच जागी ठेवलेले.

आमचे म्हणणे आणखी एक पाऊल पुढचे आहे. कायदा पुष्कळ वेळा अनोळखी माणसास सांगण्याची सक्ती करीत नाही, मुलीस मात्र सांगायला लावतो. का? कारण ती विश्वासाने आलेली असते. मग चाकणच्या धुळीतून गाडी घेऊन दुकानात येणारा, रंगाचे थर किती आणि मेण म्हणजे काय हे ज्यास ठाऊक नाही, 'बघा बुवा तुम्हीच' म्हणून किल्ली हातात देणारा माणूस लिलावातल्या व्यापाऱ्यासारखा आहे की मुलीसारखा आहे? ज्याने किल्ली दिली त्याने विश्वास दिला. तेथे बोलणे हा धर्म.

पाप कोणाचे?

धर्मशास्त्राने कर्माचे वाटेकरी तीन सांगितले आहेत. करणारा, करवणारा आणि अनुमती देणारा. मालक करवणारा आहे. नफा त्याचा, बेत त्याचा, मोठा वाटा त्याचा. मुलगा करणारा आहे. त्याचे पोट ह्या कामावर, म्हणून त्याचा वाटा हलका, पण शून्य नव्हे. 'सोड ते काम' असे आम्ही व्यासपीठावरून सहज म्हणू शकतो. आमचा घरभाड्याचा दिवस काही त्याच्या पगारावर येत नाही. म्हणून असे स्वस्तातले वैराग्य आम्ही त्यास सांगत नाही. त्याला सांगणे एवढेच की हाताचे काम आणि जिभेचे काम वेगळे ओळख. मेण भरणे हे काम वाईट नाही. मालकाने सांगितले, भर. पण 'निघाला' हा शब्द मेणाचा नव्हे, तुझा आहे. त्याऐवजी म्हण, "दादा, हा खोल आहे. आत्ता दिसणार नाही, पण धुतल्यावर परत दिसंल. कायमचा पाहिजे तर रंगवावा लागंल." एवढ्या बोलण्याने गिऱ्हाईक जात नाही, पुष्कळदा ते टिकते. आणि 'नवा पडला असंल' हे तर कदापि म्हणू नकोस. पहिल्या वाक्याने तू दोष झाकलास, दुसऱ्याने आपला दोष त्याच्या माथी मारलास. झाकणे आणि आळ घेणे ह्यांत मोठे अंतर आहे. इतके करूनही काम गेले तर? जाऊही शकते, हे आम्ही लपवीत नाही. परंतु दर गिऱ्हाईकामागे जीभ थोडी थोडी घासत गेली तर तिचाही थर एके दिवशी संपतो, आणि मग घरातली माणसेसुद्धा आपल्या शब्दावर विश्वास ठेवीत नाहीत. तो तोटा पगारातून भरून निघत नाही.

तिसरा वाटेकरी आहे गिऱ्हाईक, आणि तो आपण सगळे आहोत. खोल चरा, हातात थोडे पैसे, तासाभरात गाडी हवी, आणि डाग तर मुळीच दिसता कामा नये! अशी मागणी करणारा माणूस खोट्याचीच मागणी करीत असतो. अशक्य वस्तू जो मागतो त्याला देणारा शेवटी फसवणाराच भेटतो. जो दुकानदार खरे सांगतो त्याला आपण महाग म्हणून सोडतो आणि जो 'काढून देतो' म्हणतो त्याच्या दारात रांग लावतो. मग ही अनुमती नव्हे काय?

आणखी एक गोष्ट जाणते कारागीर सांगतात. गाडीवर उन्हात जे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक चरे चमकतात, त्यांतले बहुतेक अपघाताने पडलेले नसतात. ते पुसताना पडतात! सकाळी कोरड्या फडक्याने धूळ झटकायची, तेच फडके जमिनीवर पडले तरी उचलून तेच फिरवायचे. रस्त्याच्या धुळीत वाळूचे कण असतात, ते त्या पारदर्शक थराहून कठीण. म्हणजे स्वच्छतेच्या नावाखाली माणूस रोज पॉलिश पेपरच फिरवतो. आधी भरपूर पाण्याने धूळ वाहून जाऊ द्यावी, मग स्वच्छ ओले फडके हलकेच फिरवावे. घरात मुलाला किंवा सुनेला जे रोज सुधारायला बसतात त्यांनी आपले फडके एकदा उजेडात धरून पाहावे.

कोणता चरा सोडावा, कोणता सोडू नये

मग सगळेच चरे भरत बसावे काय? नाही. येथे विवेक पाहिजे, आणि लोकांचा विवेक नेमका उलटा चालतो. बॉनेटवर केसाएवढी रेघ उठली तर माणसाला रात्री झोप येत नाही. आणि दाराच्या खालच्या कडेला खडी उडून टवका गेला, आतला पत्रा उघडा पडला, तिकडे त्याचे लक्षही नसते, कारण ते लोकांना दिसत नाही. पहिला चरा रंगात आहे. त्याने गाडीचे काही अडत नाही. तो तसाच राहिला तरी चालेल, उलट त्यापायी सगळा थर घासणे हेच अधिक नुकसानीचे. दुसरा चरा लोखंडाला भिडला आहे. चांगल्या पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो. ते जस्त आपण झिजते आणि लोखंडाला काही काळ वाचवते. पण तेही एक दिवस संपते. मग पाणी आणि हवा मिळून लोखंडाचा गंज करतात. गंज हा लोखंडाहून अधिक जागा व्यापतो, म्हणून तो रंगाला खालून उचलतो, फुगवतो, आणि रंगाच्या आतून पसरत जातो. त्यावर वरून मेण, पॉलिश, रंगाचा हात काहीही दिले तरी तो खाली खातच राहतो. येथे झाकणे म्हणजे आपणच आपल्याला फसवणे.

मनुष्याचे चरे ह्याच न्यायाने तपासावे. कोणी कधी उणे बोलले, कोणाचा मान राहिला नाही, पंगतीत आधी वाढले नाही. ही क्लिअर कोटमधली रेघ. ती घासत बसू नये; घासण्याने आपलाच थर जातो. परंतु आपण कोणाचा विश्वास मोडला, कोणाचे पैसे बुडवले, भावाच्या वाट्याची जमीन कारखान्याच्या भूसंपादनात आपल्या नावाने उचलली, तर तो चरा लोखंडात आहे. त्यावर हारतुरे, सत्कार, अन्नदान ह्यांचे कितीही मेण चढवले तरी तो आतून चरतच राहणार.

अशा वेळी 'झाले गेले विसरा' म्हणणारा माणूस 'चरा काढला' म्हणणाऱ्याच जातीचा. झाले ते न झालेले होत नाही; प्रध्वंसाभावाला अंत नाही हे वर सांगितलेच. मग प्रायश्चित्ताचा उपयोग काय? उपयोग भरण्याचा आहे. स्मृतिकारांनी पापातून सुटण्याचे मार्ग सांगताना ख्यापन, म्हणजे आपला दोष आपल्या तोंडाने सांगणे, हे आधी घातले, आणि मग अनुताप, तप इत्यादी. गुप्त दोषासाठी रहस्यप्रायश्चित्तही शास्त्रात आहे. पण जेथे दुसऱ्याच्या पदरात तोटा पडला आहे तेथे निदान त्या माणसापाशी तरी बोलावेच लागते. हा क्रम कारागिराच्याच क्रमासारखा आहे. आधी गंज उघडा करायचा, लोखंड दिसेपर्यंत खरवडायचे, मग नवा थर. जो खरवडण्यावाचून रंग देतो त्याचा रंग टिकत नाही. बुडवलेले पैसे परत द्यावे, जमिनीचा वाटा नावावर करून द्यावा, मग क्षमा मागावी. एवढे झाल्यावरही जाडी मोजणारे यंत्र लावले तर कळेल की येथे काम झालेले आहे. कळू द्यावे. दुरुस्त झालेल्या जागेची लाज बाळगण्याचे कारण नाही. लाज बाळगावी ती दुरुस्तीच न केलेल्या जागेची.

रस्त्यावर आलेल्या गाडीला चरा पडणारच, आणि संसारात आलेल्या माणसालाही. तेव्हा ह्यापुढे दुकानात गेल्यावर 'निघाला का?' असे विचारू नये. 'काय केलेत?' असे विचारावे. आणि करणाऱ्याने झाकला असेल तर झाकला, घासला असेल तर घासला, भरला असेल तर भरला, असे सांगावे. हा एवढा नेम दुकानात पाळता आला तर घरात पाळणे फार अवघड जाणार नाही. इत्यलम्.